ॲशरमन लक्षणसमूह

गर्भपातानंतर किंवा प्रसूतीनंतर गर्भाशय खरवडताना त्याच्या अस्तराला खोलवर इजा होते, समोरासमोरच्या भिंती तंतुमय बंधांनी एकमेकींना चिकटतात आणि त्यामुळे पाळी कमी होणे किंवा बंद पडणे, वंध्यत्व, पुन्हापुन्हा गर्भपात अशा तक्रारी उद्भवतात. या विकृतीला ॲशरमन लक्षणसमूह म्हणतात. नुसते बंध आहेत पण तक्रार काहीच नाही, अशा अवस्थेला अलीकडचे बहुतेक लेखक ‘गर्भाशयांतर्गत बंध’ एवढेच म्हणतात. जुन्या लेखनात हा भेद पाळलेला नाही आणि निरनिराळ्या पाहण्यांचे आकडे परस्परांशी न जुळण्याचे ते एक मोठे कारण आहे.

गर्भाशयाच्या अस्तराचे दोन थर असतात. वरचा कार्यकारी थर दर महिन्याला वाढतो आणि पाळीबरोबर गळून जातो. त्याच्याखालचा आधारथर मात्र टिकून राहतो आणि त्यातल्या ग्रंथींपासून पुढच्या महिन्याचे अस्तर तयार होते. खरवडताना क्युरेटची (खरवडण्याच्या चमच्यासारख्या उपकरणाची) धार आधारथर ओलांडून स्नायूपर्यंत गेली, की त्या जागी अस्तर उगवत नाही, व्रणऊतक तयार होते. गर्भाशयाची पोकळी ही फुगलेली पिशवी नसून समोरासमोर टेकलेल्या दोन भिंतींमधली फट असते. त्यामुळे दोन्ही भिंतींवरचे उघडे भाग सहज सांधले जातात. नुकताच गर्भ राहून गेलेले गर्भाशय मऊ असते आणि इस्ट्रोजेनची पातळी घसरलेली असल्याने अस्तर लवकर भरून येत नाही. म्हणूनच गर्भारपणाशी संबंध नसलेल्या खरवडीपेक्षा गर्भपातानंतरच्या खरवडीचा धोका जास्त असतो. प्रसूतीनंतर दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात केलेली खरवड सर्वांत घातक मानतात.

या विकृतीचे पहिले वर्णन कोणाचे, याबद्दल मतभेद आहेत. हाइन्रिख फ्रिट्श या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञाने प्रसूतीनंतरच्या खरवडीने पोकळी पूर्णपणे नाहीशी झालेल्या एका स्त्रीची हकीकत १८९४ मध्ये प्रसिद्ध केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातही अशा नोंदी तुरळक येत राहिल्या. १९२७ मध्ये बास यांनी गर्भपात झालेल्या सु. १,५०० स्त्रियांपैकी २० जणींत ग्रीवामार्ग (गर्भाशयाच्या मुखातून जाणारी वाट) बंद झाल्याचे नोंदवले, तर १९४६ मध्ये श्टामर यांनी स्वतःच्या २४ रुग्णांची माहिती दिली. बोहीमियात जन्मलेले आणि पुढे तेल अवीवमध्ये काम केलेले जोसेफ ॲशरमन (१८८९–१९६८) यांचा २९ रुग्णांवरचा लेख १९४८ चा आहे. त्यात त्यांनी इजेमुळे पाळी बंद पडण्याचा संबंध मुख्यतः गर्भाशयाचे अंतर्मुख (ग्रीवामार्गाचे आतले तोंड) बुजण्याशी लावला होता. मात्र मुख बुजले असूनही आत रक्त साठलेले दिसत नव्हते आणि या कोड्याला त्या लेखात पटणारे उत्तर नव्हते. १९५० च्या दुसऱ्या लेखात क्ष-किरण चित्रांच्या आधारे त्यांनी खुद्द पोकळीतले बंध दाखवले. आज हे नाव ज्या विकृतीला देतात, तिचे चित्र खऱ्या अर्थाने या दुसऱ्या लेखात उभे राहते. काही युरोपीय ग्रंथकार ‘फ्रिट्श-ॲशरमन’ असे जोडनाव वापरतात. कालक्रम पाहता ते न्याय्य आहे. तरीही एका रुग्णाच्या नोंदीवरून विकृतीची ओळख पटवता येत नाही. कारण, लक्षणे आणि चित्रण यांची एकत्र मांडणी ॲशरमन यांनी केली, म्हणून रूढ नाव सोडण्याचे सबळ कारण दिसत नाही.

क्षयामुळे होणाऱ्या बंधांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. प्रजननमार्गाच्या क्षयाने पोकळी बुजते, याचे वर्णन फ्रान्समध्ये नेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात केले आणि काही जण त्याला नेटर यांच्या नावाने वेगळे ओळखतात. भारतात हा भेद केवळ पुस्तकी राहत नाही. येथे वंध्यत्वाच्या तपासणीत पोकळीत बंध आढळले, तर खरवडीच्या इतिहासाबरोबर क्षयाचाही विचार करावाच लागतो. क्षयात अस्तराचा नाश सहसा सर्वदूर असतो, गर्भनलिकाही बाधित होतात आणि बंध सोडवले तरी मूल होण्याची आशा कमी राहते. इजेमुळे झालेल्या बंधांत मात्र शाबूत अस्तराची बेटे बहुधा शिल्लक असतात आणि उपचाराची सगळी भिस्त त्यांच्यावर असते. दोहोंचे भवितव्य इतके वेगळे असल्याने त्यांना एकाच नावाखाली न घालणे बरे.

जंतुसंसर्गाशिवाय बंध होतात का, यावरही एकमत नाही. सिझेरियननंतर अस्तराला संसर्ग झालेल्या स्त्रियांत बंधांचे प्रमाण वाढलेले आढळले नाही, यावरून इजा हेच मुख्य कारण आणि संसर्ग दुय्यम, हे मत अधिक ग्राह्य वाटते. गर्भाचा अंश किती काळ आत राहिला, यालाही महत्त्व आहे. जेरूसलेममधील १९८२ च्या एका पाहणीत, गर्भ आतच मृत होऊन राहिलेल्या स्त्रियांत खरवडीनंतर सु. ३१ टक्के, तर अपूर्ण गर्भपातानंतर सु. ६ टक्के बंध आढळले. राहिलेल्या वारेच्या ऊतकामुळे तंतुजनक पेशी चेतवल्या जातात आणि अस्तर भरून येण्याआधीच व्रण धरतो, असे याचे स्पष्टीकरण देतात. त्याच वर्षी शेंकर आणि मार्गालिऑथ यांनी जगभरातल्या १,८५६ नोंदी एकत्र केल्या. त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक गर्भारपणाशी निगडित होत्या आणि सु. दोन-तृतीयांश गर्भपातानंतरच्या खरवडीच्या होत्या. २०१४ च्या एका संकलित आढाव्यात गर्भपातानंतर पोकळी दुर्बिणीने तपासलेल्या ९१२ स्त्रियांत बंधांचे सरासरी प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास आले. त्यांतील निम्म्याहून अधिक बंध सौम्य होते. एकाहून अधिक वेळा खरवड झालेल्या स्त्रियांत प्रमाण वाढते, याबाबत बहुतेक अभ्यास सहमत आहेत.

रुग्णाची हकीकत बहुधा सारखीच असते. गर्भपात झाला, ‘पिशवी साफ केली’, त्यानंतर पाळी आलीच नाही किंवा एखाद्या दिवसाच्या डागांवर आली. अशक्तपणा, मानसिक धक्का किंवा संप्रेरकांचे बिघडलेले संतुलन यांवर बोट ठेवून महिनोन्‌महिने गोळ्या दिल्या जातात. वास्तविक अंडाशय नीट काम करत असतात. महिन्याच्या मध्याला ओटीपोटात कळ येते, पाळीच्या सुमारास स्तन हुळहुळतात, रक्तातली संप्रेरके योग्य पातळीवर असतात, फक्त रक्तस्राव होत नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन क्रमाने देऊनही स्राव झाला नाही, तर दोष अस्तरात किंवा स्रावाच्या वाटेत आहे, हे जवळजवळ निश्चित होते. खरवडीनंतर पाळीत झालेला बदल स्त्रीने सांगितला, तर तो याच विकृतीचा पुरावा मानून तपास सुरू करावा. उलट, पाळी नियमित असली तरी बंध नाहीतच असे म्हणता येत नाही. अंतर्मुख बुजून वरचे अस्तर शाबूत असेल, तर दर महिन्याला तीव्र कळा येतात आणि आत रक्त साठते.

निदानासाठी साध्या सोनोग्राफीचा उपयोग मर्यादित आहे. तीत अस्तराची रेघ पातळ किंवा तुटक दिसली तर शंका घेता येते, एवढेच. पोकळीत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या क्ष-किरण चित्रात बंधांच्या जागी तीक्ष्ण कडांच्या वेड्यावाकड्या रिकाम्या जागा दिसतात. सलाइन सोडून केलेली सोनोग्राफीही उपयोगी पडते. खात्री मात्र हिस्टेरोस्कोपीनेच, म्हणजे पोकळीत दुर्बीण घालून पाहूनच होते. ताजे, पातळ बंध दुर्बिणीच्या टोकाचा नुसता धक्का लागताच सुटतात. जुने बंध पांढुरके, चिवट असतात आणि ते कापावेच लागतात. तीव्रतेचे वर्गीकरण अनेकांनी केले आहे. मार्च आणि सहकाऱ्यांची १९७८ ची पद्धत पोकळीचा चौथ्या हिश्श्याहून कमी, चौथा ते पाऊण, की पाऊण हिश्श्याहून अधिक भाग व्यापला आहे, यावर चालते. अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीच्या १९८८ च्या पद्धतीत पाळीचे स्वरूपही जमेस धरले आहे. कोणतीही एक पद्धत सर्वमान्य झालेली नाही.

पूर्वी आंधळेपणाने मार्ग रुंदावत किंवा गर्भाशय उघडून बंध तोडत. १९७० च्या दशकापासून दुर्बिणीतून पाहत बारीक कात्रीने ते कापण्याची पद्धत रुळली. पुढे विद्युत् उपकरणेही आली, पण उष्णतेने उरलेले अस्तर जळण्याची भीती असल्याने अनेक शल्यविशारद कात्रीलाच पसंती देतात. मुख्य अडचण बंध पुन्हा धरण्याची आहे आणि तीव्र विकृतीत ती फार वेळा येते. त्यासाठी पोकळीत फुगा किंवा तांबी ठेवणे, हायलुरोनिक आम्लाचा जेल सोडणे, इस्ट्रोजेन देणे, काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बिणीने पाहणे असे उपाय योजतात. जेलने बंध कमी होतात असे दिसते, पण त्यामुळे जिवंत अपत्यजन्म वाढतात, असे सिद्ध झालेले नाही. पुढे गर्भ राहिला, तरी वार स्नायूत रुतून बसणे आणि अकाली प्रसूती यांचा धोका राहतो. म्हणून अशा स्त्रीचे बाळंतपण रक्ताची आणि शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावे. मूळपेशींच्या उपचारात भारताचाही वाटा आहे. अहमदाबादमधील नागोरी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीव्र विकृती असलेल्या एका स्त्रीत तिच्याच मूळपेशी वापरून अस्तर वाढवल्याचे आणि नंतर गर्भधारणा झाल्याचे नोंदवले. स्पेनमध्ये २०१६ साली १६ स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला. दोन्ही ठिकाणी तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

प्रतिबंधाचा मार्ग त्या मानाने सोपा आहे. धारदार क्युरेटने खरवडण्याऐवजी निर्वात शोषण वापरावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. पहिल्या तिमाहीत गर्भाशय रिकामे करण्यासाठी हाताने चालणारी शोषण-पिचकारी पुरते. अनेक गर्भपातांत मिसोप्रोस्टॉल हे गर्भाशय आकुंचित करणारे औषध देऊन किंवा काही काळ नुसती वाट पाहूनही गर्भाशय आपोआप रिकामे होते. शोषणानंतर ‘खात्री करण्यासाठी’ पुन्हा क्युरेट फिरवण्याची सवय काही ठिकाणी आजही टिकून आहे. ती अनावश्यक आहे आणि अपायकारकही. काही अंश उरल्याची शंका असेल, तर आंधळेपणाने दुसऱ्यांदा खरवडण्यापेक्षा दुर्बिणीतून पाहून तेवढाच भाग काढणे श्रेयस्कर.