घोडबंदर रोडलगतची काळी पट्टी कुठून आली?

थंडी सरता सरता ठाण्यात घोडबंदर रोडने जाताना येऊरच्या डोंगराच्या अंगाला गवताची जळकी पट्टी दिसली, की 'जंगल पेटवलं' म्हणून फोटो फिरू लागतात. पण पट्टी सरळ आणि आखीव असेल तर तो बहुधा वणवा नसतो, वनखात्याची जाळरेषा असते. दोन्ही कडांचं गवत आधी कापून घ्यायचं आणि वारा पडलेला बघून मधला पट्टा जाळायचा. पुढे कुणी पेटती विडी टाकली, तरी जमिनीलगतची आग इथे येऊन अडते. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, त्याआधी हे काम उरकावं लागतं.

ठाण्याच्या डोंगरांत मुद्दाम लावलेली आग वनखात्यापेक्षा जुनी आहे. भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा, शेण, गवत आणि ऐनाच्या फांद्या पसरून राब भाजायचा, म्हणजे तणाचं बी मरतं आणि जमिनीला राख मिळते. उतारांवर दळीची, म्हणजे जागा बदलत केलेली, शेतीही जाळूनच व्हायची. १८७८चा वन कायदा आला, राखीव जंगलांच्या हद्दी पडल्या आणि राबाच्या फांद्याच अडल्या. ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांत तक्रारी इतक्या वाढल्या, की १८८५मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७चा. पुढे १९२७च्या कायद्यानेही राखीव जंगलात आग लावणं गुन्हाच ठेवलं, १९७२च्या वन्यजीव कायद्याने अभयारण्यातही तेच केलं. डोंगर ज्यांना ठाऊक होता त्यांच्या हातून काडी गेली. उरली ती सरकारी जाळरेषा.

गंमत म्हणजे आग पूर्ण बंद करण्याबद्दल पहिली शंका खुद्द इंग्रज वनाधिकाऱ्यांनाच आली. ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात आगबंदीचा अतिरेक होतोय, असं एच. स्लेड यांनी १८९६मध्येच लिहिलं होतं. आसाम-बंगालच्या ओल्या सालवनांतही आग थांबली आणि सालाची नवी रोपं उगवेनाशी झाली. अमेरिकेत मात्र १९३५पासून लागलेली आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायचा दंडक होता. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांचं धोरण १९६८मध्ये बदललं. आता ब्लू रिज पार्कवेसारख्या निसर्गरम्य रस्त्यालगतही ठरवून जाळतात. आपल्याकडे काझीरंगात गवत दरवर्षी जाळलं जातं. कर्नाटकातल्या बिळिगिरी रंगनाथ टेकड्यांत सोलिगा आदिवासींच्या हंगामाच्या सुरुवातीच्या हलक्या आगी बंद पडल्या आणि घाणेरी (लँटाना) हे परकं झुडूप माजलं, असं अभ्यासक आणि स्वतः सोलिगा सांगतात.

घाणेरी येऊरलाही आहे. म्हणून इथेही जंगल ठरवून जाळावं का? मला तरी तसं वाटत नाही. काझीरंगाचं गवत पुरावर वाढतं, आपला डोंगर पानझडी जंगलाचा आहे. शिवाय त्याच्या पायथ्याशी शहर टेकलंय आणि न ठरवता लागणाऱ्या आगीच इथे पुष्कळ आहेत. त्यात आठ वर्षांनी एकदाच फुलणाऱ्या कारवीच्या झुडपांचा हिशेब वेगळाच. २०१६नंतर ती २०२४मध्ये सामूहिक फुलली. फुलून बी धरलं की ती मरते, वाळलेल्या काठ्या उभ्या राहतात, म्हणजे आगीला आयतं सरपण. आणि त्यांच्या बुडाशी उगवलेल्या पिढीतल्या बहुतेक रोपांना २०३२पर्यंत बी धरता येणार नाही.