सातपेक्षा जास्त इफ चालत नाहीत? खुलासा

"एक्सेलच्या एका फॉर्म्युल्यात सातपेक्षा जास्त इफ एकात एक टाकता येत नाहीत" हे वाक्य (इफ म्हणजे अट खरी की खोटी ते बघून त्याप्रमाणे उत्तर देणारं फंक्शन) वर्षानुवर्षं फिरतंय आणि ते कुणी मनाने बनवलेलं नाहीये, २००३ पर्यंतच्या एक्सेलमध्ये खरंच ७ लेव्हलची मर्यादा होती. पण २००७ पासून ती ६४ झाली.

स्वतः बघायचं तर कोरी शीट उघडा, ए१ मध्ये एक आकडा टाका आणि शेजारी दहा इफ एकात एक घालून लिहा, ९५ च्या वर असेल तर हे, नाहीतर ९० च्या वर असेल तर ते, असं खाली खाली. एंटर मारा, उत्तर येतं. आता तीच फाइल जुन्या एक्सएलएस फॉरमॅटमध्ये सेव्ह करायला जा, वॉर्निंग येईल, कारण त्या फॉरमॅटला जुनी मर्यादा अजून आहे, आणि बऱ्याच जणांना ही अडचण तिथेच आली असणार.

मला विचाराल तर जपायचं ते क्रमाला. इफ वरून वाचत येतं आणि जी अट आधी खरी ठरेल तिथेच थांबतं, म्हणून ५० ची अट आधी लिहिली तर ९६ वाल्यालाही ५० वालंच उत्तर मिळतं आणि एरर काहीच दिसत नाही! दोन अटी एकदम हव्या असतील तर आत अँड वापरा, दोन्हीपैकी एक चालत असेल तर ऑर. आणि टप्पे खूप असतील तर सरळ छोटं टेबल करून व्हीलुकअप (टेबलात शोधून उत्तर आणणारं फंक्शन) लावा, नंतर बदलायला खूप सोपं जातं.