जलपर्णी : मराठवाड्यातील जलाशयांत देखरेख व नियंत्रण

गोड्या पाण्यावर तरंगणारी, मूळची दक्षिण अमेरिकेच्या ॲमेझॉन खोऱ्यातील आगंतुक वनस्पती. नांदेडजवळचे गोदावरीचे पात्र आणि छत्रपती संभाजीनगरचे सलीम अली सरोवर (जुना खिजरी तलाव) ही मराठवाड्यातील तिची परिचित ठिकाणे होत.

नावांचा घोळ मोठा आहे. केंदाळ हा शब्द पाण्यावरच्या कुठल्याही दाट वाढीला लावतात. जलकुंभी हे नाव गोंडाळ (पिस्टिया) आणि जलपर्णी या दोहोंना चालते. त्यामुळे जुन्या लेखनातले ‘केंदाळ’ म्हणजे जलपर्णीच, असे धरता येत नाही. खरी ओळख देठावरून पटते. जलपर्णीचा देठ बुडाशी फुगलेला असतो आणि चिरला तर आत स्पंजासारखा निघतो. गोंडाळाची पाने कोबीच्या गड्ड्यासारखी रचलेली असून त्याला असा देठ नसतो. जलपर्णीचे फूल फिकट जांभळे, वरच्या पाकळीवर पिवळा ठिपका. शास्त्रीय नावही स्थिर राहिले नाही : जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियुसने १८२३ च्या सुमारास ठेवलेले ‘पाँटेडेरिया क्रॅसिपीस’ १८८३ मध्ये ‘आयकॉर्निया’ प्रजातीत गेले आणि २०१८ मध्ये पुन्हा मूळ प्रजातीत आले.

भारतातील आगमनाबद्दल मतभेद आहेत. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या पत्नीने फुलांच्या हौसेने ती बंगालमध्ये आणली, ही आख्यायिका अनेक ठिकाणी उतरवलेली दिसते. पण हेस्टिंग्ज १७८५ मध्येच भारत सोडून गेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, बहुधा १८९६ च्या सुमारास, शोभेची वनस्पती म्हणून ती बंगालमध्ये आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिला तिकडे ‘जर्मन पाना’ (पाना म्हणजे बंगालीत पाण्यावरचे तण) म्हणू लागले. १९३६ मध्ये बंगालने तिच्या निर्मूलनासाठी स्वतंत्र कायदा केला.

देखरेखीसाठी उपग्रहचित्रे उपयोगी पडतात. हिरवी पाने अवरक्त किरण परावर्तित करतात, पाणी ते शोषून घेते. या फरकावरून व्याप काढता येतो. मात्र सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटरचा असतो. नाल्याच्या तोंडाशी अडकलेली चार-दोन रोपे त्यात दिसत नाहीत, आणि दाट शेवाळही तसेच हिरवे दिसते. शिवाय वाऱ्याने तरंगती वाढ या काठावरून त्या काठाला जाते. म्हणून काठाने फिरून केलेली पाहणी सोडता कामा नये. जाळे टाकणाऱ्या भोई मंडळींना ही वाढ सर्वांत आधी कळते. त्यांना विचारणे ही देखरेखीची पहिली पायरी मानावी.

समुद्राशी जोडलेल्या सरोवरांत खारे पाणी आत घेण्याचा उपाय असतो. ओडिशातील चिल्का सरोवराला २००० मध्ये समुद्राकडे नवे मुख काढल्यावर तेथील गोड्या पाण्याचे तण हटले. मराठवाड्याला समुद्र नाही. येथे हाताने किंवा यंत्राने उपसणे हाच मुख्य मार्ग. अनुकूल स्थितीत ही वाढ एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते, म्हणून उन्हाळ्यात पाणी आटून ती खोलगट भागात गोळा झाली असताना काम उरकावे. उपसलेल्या ओल्या ढिगात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. तो काठावरच ठेवला तर पहिल्या पुरात परत जलाशयात जातो. चिखलातले बी पंधरा-वीस वर्षे टिकू शकते. तिला पोसणारे सांडपाण्यातील नत्र व स्फुरद थांबल्याशिवाय उपसा दरवर्षी करावाच लागतो, हे अंदाजपत्रक करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवे. तणनाशक पिण्याच्या पाण्यात वापरू नये. त्याने मरून एकदम कुजलेली वाढ पाण्यातला प्राणवायू ओढते आणि मासे मरतात.

जैविक नियंत्रणासाठी निओकेटिना प्रजातीचे भुंगे १९८० च्या दशकारंभी भारतात आणून प्रथम बंगळूर परिसरात सोडले. प्रौढ भुंगे पाने खरवडतात, अळ्या देठ पोखरतात. त्यांचे कोष पाण्यातल्या मुळांवर बनतात, त्यामुळे उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या पाझर तलावांत त्यांचा टिकाव कठीण असून बारमाही पाण्यातच ते सोडावेत. तेथेही उपसताना वाढीचा एखादा पट्टा राखून ठेवतात, म्हणजे भुंग्यांची वीण तुटत नाही.