माईक ‘हॅलो, हॅलो’ म्हणून तपासू नका
ब्लूजसाठी माउथ ऑर्गन वाजवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या माईकपैकी बरेचसे बिघडलेले नसतातच. खोकं उघडलं की आत चिठ्ठी असते: ‘आवाज टिनपाट येतो’, ‘बास अजिबात नाही’, ‘जोडला की शिट्टी मारतो’. आम्ही टेबलावर घेतो, वाजवून बघतो, उत्तम वाजतो. मग पुन्हा गुंडाळून परत पाठवतो. यात तुमचे आठ-दहा दिवस जातात, आमचा अर्धा दिवस जातो आणि जुन्या क्रिस्टल (आत स्फटिक असलेल्या) माईकला दोन प्रवासांचे धक्के बसतात ते वेगळेच. म्हणून हे पत्रक आता प्रत्येक माईकबरोबर घालतो आहोत. खोकं माळ्यावर टाकण्याआधी वाचा.

‘तपासलात कसा?’ असं फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. जोडला, तोंडासमोर धरला, ‘हॅलो, हॅलो, वन टू थ्री’ म्हटलं. गाण्याच्या माईकला हे चालतं, बुलेट माईकला नाही. मूठभर आकाराचे हे गोल माईक मुळात टॅक्सीच्या कंट्रोल रूमसाठी, हौशी रेडिओवाल्यांसाठी आणि सूचना देण्यासाठी बनले. शुअर कंपनीचा ५२०, म्हणजे सगळे ज्याला ‘ग्रीन बुलेट’ म्हणतात तो, १९४९ पासूनचा. ॲस्टॅटिक कंपनीचा जेटी-३० त्याच कुळातला. या माईकचं काम एवढंच होतं की बोललेला शब्द समोरच्याला कळावा. खालचा बास आणि वरची चकाकी त्यांच्या हिशेबात नव्हतीच. त्यामुळे हॅलो म्हटल्यावर आवाज नाकातून आल्यासारखा वाटला, तर माईक त्याचं जुनं काम चोख करतो आहे असं समजा.

ओंजळ हा माईकचाच भाग आहे

शिकागोत इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रमच्या गोंगाटात माउथ ऑर्गन ऐकू जाईना, तेव्हा लिटल वॉल्टर आणि त्याच्या बरोबरीच्या वादकांनी असा स्वस्तातला माईक आणि बाजा, म्हणजे माउथ ऑर्गन, एकत्रच दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला आणि छोट्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांच्या, ॲम्पमधून वाजवला. १९५० च्या दशकातल्या रेकॉर्डमधला तो जाड, खरखरीत, सॅक्सोफोनकडे झुकणारा आवाज हात, माईक आणि ॲम्प यांचा मिळून आहे. त्यातला हात काढून घेतलात तर उरतो तो टॅक्सीवाल्याचा माईक.

बंद ओंजळीत दोन गोष्टी होतात. आवाजाला बाहेर पळायला वाट नसल्यामुळे माईकच्या पडद्यावरचा दाब खूप वाढतो, म्हणजे ॲम्पला जोरदार सिग्नल मिळतो आणि तो लवकर ‘फाटायला’, म्हणजे खरखरायला, लागतो. शिवाय वरची कर्कश पट्टी दबते आणि मधली पट्टी भरून येते. ओंजळ जरा उघडली की चकाकी परत येते. ओंजळ उघडझाप करून येणारा ‘वा-वा’ असा आवाज तिथूनच निघतो. मात्र कुठे बारीकशी फट राहिली तरी बास तिथून निसटतो आणि दोष माईकवर येतो.

मागे एक गृहस्थ तोच माईक तिसऱ्यांदा घेऊन आले, या वेळी स्वतः. माईक टेबलावर ठेवला, वीतभर अंतरावरून हॅलो म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. ‘बघा. पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं.’ मी म्हटलं, आता वाजवा. त्यांनी मशाल धरावी तसा तीन बोटांत माईक धरला, दुसऱ्या हातात बाजा, दोघांत चांगलं चार बोटं अंतर. मी त्यांचे हात धरून जवळ आणले, करंगळ्यांच्या कडा जुळवल्या, मनगटाकडची फट तळव्याने बुजवली. ‘आता दोन नंबरच्या होलातून श्वास आत ओढा, सावकाश.’ त्यांनी ओढला आणि लगेच मागे वळून ॲम्पकडे बघितलं. मी गुपचूप बटण फिरवलं असं त्यांना वाटलं. मी तर त्यांच्या समोरच उभा होतो. तो माईक अजून त्यांच्याकडेच आहे.

धरायचा असा: बाजा नेहमीप्रमाणे डाव्या अंगठ्यात आणि तर्जनीत. माईक त्याच्या मागे, जाळी बाजाच्या पाठीकडे. बाजा जाळीला टेकवू नका, बोटभर पोकळी राहू द्या, नाहीतर खडखड येते. मग उजव्या हाताने बाकीचं सगळं झाकून टाका. फट हमखास दोन ठिकाणी राहते: करंगळ्यांच्या खाली आणि बाजाच्या वरच्या सुरांकडच्या टोकाशी.

ओंजळ बंद झाली की नाही हे ॲम्प न लावताच कळतं. माईकची वायर काढून ठेवा, सगळं धरा आणि दुसरं होल ओढा. बाजाचा आवाज उशीखाली गेल्यासारखा दबला पाहिजे आणि श्वास जरासा जड लागला पाहिजे. आवाज मोकळा येत असेल तर कुठेतरी गळतंय. हे जमायला बऱ्याच जणांना काही आठवडे लागतात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, बोटं जाड असोत की बारीक. हात लहान असेल तर मात्र मोठ्या कवचाचा माईक घेऊन स्वतःला शिक्षा करून घेऊ नका. लहान कवचातही आम्ही तेच एलिमेंट, म्हणजे आवाज पकडणारा आतला भाग, बसवून देतो.

एक दोष मात्र खरोखर माईकचा असू शकतो. एलिमेंट आणि कवच यांच्यामध्ये रबराची गॅस्केट असते. ती वर्षानुवर्षांत कडक होते, चिरते आणि मग कवचाच्या आतूनच हवा गळते. ओंजळ पक्की, तरी आवाज पातळ, असं झालं तर गॅस्केट बघावी लागते. असा माईक जरूर पाठवा, काम अर्ध्या तासाचं आहे.

ॲम्प गिटारवाल्याच्या खुणांवर ठेवू नका

गिटारला चांगला वाटणारा ॲम्प माउथ ऑर्गनला बहुधा फार तिखट आणि फार उतावळा असतो. ट्रेबल दोन-तीनवर आणा, बास सहा-सातवर, ‘ब्राइट’चं बटण बंद. गेन (सुरुवातीलाच सिग्नल वाढवणारं) आणि मास्टर (शेवटचा एकूण आवाज) अशी दोन बटणं असतील तर गेन कमी आणि मास्टर जास्त. लोक नेमकं उलटं करतात.

आता ओंजळ पूर्ण बंद करून, न वाजवता, आवाज हळूहळू वाढवा. शिट्टी सुरू झाली की थोडं मागे या. तीच तुमची मर्यादा. ही मर्यादा उघड्या हाताने शोधली तर ओंजळीत लागू पडत नाही. म्हणून ‘घरी ठीक होता, वाजवायला लागलो की ओरडतो’ ही तक्रार येते. ॲम्प जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवा आणि त्याच्या तोंडासमोर उभे राहू नका, बाजूला राहा. छोट्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, ॲम्पपासून हातभर अंतरावर कुठलाही माईक शिट्टी मारेल. त्यासाठी आम्हाला फोन करायची गरज नाही.

शिट्टी खूपच लवकर येत असेल तर बहुतेक ॲम्पमधला पहिला व्हॉल्व्ह १२एएक्स७ असतो. त्याचा गुणक, म्हणजे सिग्नल वाढवण्याच्या ताकदीचा आकडा, १०० आहे. त्या जागी १२एवाय७ लावला तर गुणक ४४ च्या आसपास येतो. बटण जास्त वर नेता येतं, पुढचे पॉवर व्हॉल्व्ह कामाला लागतात आणि फाटणं अंगभर येतं, नुसतं वरच्या टोकाला राहत नाही. फेंडर कंपनीच्या १९५० च्या दशकाअखेरच्या बासमन ॲम्पमध्ये पहिल्या जागी मुळातच १२एवाय७ होता. बास गिटारसाठी केलेला तो ॲम्प माउथ ऑर्गनवाल्यांनी डोक्यावर घेतला, त्यामागे हेही एक कारण आहे. आमच्याकडे तपासलेले १२एवाय७ असतात आणि ॲम्प आणलात तर समोर बसवून फरक ऐकवतो. पटला नाही तर जुना परत लावून देतो.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. फेंडर पद्धतीच्या ॲम्पवर एकाच चॅनेलला १ आणि २ अशी दोन सॉकेट असतात. शिट्टी कमी व्हावी म्हणून लोक २ मध्ये जोडतात. सिग्नल निम्मा होतो हे खरं, पण १ नंबरच्या सॉकेटचा रोध सुमारे १० लाख ओहम असतो आणि २ नंबरचा जेमतेम १ लाख ३६ हजार. क्रिस्टल माईकला मोठा रोध लागतो, १० ते ५० लाखांपर्यंत. कमी मिळाला की त्याचा बास कापला जातो. म्हणजे शिट्टी घालवायला गेलात आणि बासही घालवून बसलात. क्रिस्टल माईक १ मध्येच जोडा. ग्रीन बुलेटच्या चुंबकीय एलिमेंटला याचा इतका त्रास होत नाही.

गाण्याचा नेहमीचा माईक साध्या वायरने थेट ॲम्पला जोडाल तर आवाज मरतुकडा येईल. त्याचा रोध दोन-तीनशे ओहमच असतो, मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. तो छोटा, वायरीतच बसणारा मिळतो. आमच्याकडेही आहे.

वाजवून काय बघायचं

वेगवान तुकडे नकोत, त्यात काहीच कळत नाही. सी पट्टीचा बाजा घ्या. दुसरं होल लांब ओढा, कुजबुजण्याइतक्या हळू श्वासापासून पूर्ण जोरापर्यंत. चांगला ॲम्प सुरुवातीला स्वच्छ बोलतो आणि श्वास वाढला की हळूहळू खरखरायला लागतो. पहिल्यापासूनच खरखरत असेल तर गेन जास्त आहे. शेवटपर्यंत खरखरला नाही तर एकतर ॲम्प तुमच्या खोलीसाठी फार मोठा आहे किंवा ओंजळ गळते आहे. पाच वॉटचा एका छोट्या स्पीकरचा ॲम्प घरी जे देतो ते चाळीस वॉटचा घरी देऊच शकत नाही, कारण त्याला तापायला मिळत नाही.

मग चौथं आणि पाचवं होल एकत्र ओढा. ही आमची आवडती परीक्षा आहे. सीच्या बाजावर चौथ्याचा सूर ५८७ हर्ट्झचा, पाचव्याचा ६९८ चा. ॲम्प नीट फाटत असेल तर या दोघांच्या वजाबाकीचा, १११ हर्ट्झच्या आसपासचा, खालून घुमणारा तिसरा सूर ऐकू येतो. बाजात तो सूर कुठेच नाही, तो ॲम्पने तयार केलेला असतो. पोटात गुरगुरल्यासारखं वाटलं की समजायचं, माईक, ओंजळ आणि ॲम्प तिघांचं जुळलं.

दोन माईकची तुलना करताना दोघांचा आवाज आधी सारखा करून घ्या. कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो आणि त्यापायी आम्हाला महागडा माईक विकायची संधी मिळते, पण असा विकलेला माईक महिन्याभराने परत येतो. बाजा तोच, धून तीच, हात तोच. ऐकायला दुसरं कोणीतरी तीन-चार मीटरवर बसवा. वाजवणाऱ्याला स्वतःचा बाजा दात आणि कवटीतून ऐकू येत असतो, त्यामुळे त्याचा निकाल धरू नये.

आणि कृपया फोनवर रेकॉर्ड करून आम्हाला पाठवू नका. फोन आवाज आपोआप वर-खाली करून सपाट करतो. ज्या फरकाबद्दल तुम्ही विचारता तोच त्यात उरत नाही.

क्रिस्टल माईक घेतला असेल तर

जुन्या क्रिस्टल माईकमधला स्फटिक रोशेल मिठाचा असतो. हे मीठ पाण्यात विरघळतं आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअसला मोडतं. उन्हात बंद गाडीत ठेवलेला माईक संध्याकाळी मुका होतो आणि तो पुन्हा बोलत नाही, आमच्याकडेही नाही. वाजवून झालं की लगेच डबी बंद करू नका, तोंडाची वाफ आत कोंडते. थोडा वेळ उघडा ठेवा. विकल्यानंतर क्रिस्टल एलिमेंट परत घेत नाही, यावरून काही जण रागावतात. पण तो तुमच्याकडे कुठे राहिला हे आम्हाला कळणार कसं? त्याऐवजी निघण्याआधी प्रत्येक एलिमेंटचं माप घेऊन आकडा खोक्यावर पेन्सिलीने लिहितो. तुमच्या हातात आला तेव्हा तो काय होता याचा तोच पुरावा. हा त्रास नको असेल तर चुंबकीय एलिमेंट घ्या. आवाज थोडा वेगळा, पण पावसाळ्यात झोप लागते.

पाठवण्याआधी

वरचं सगळं करूनही शंका राहिली तर माईकबरोबर तुमची नेहमीची वायर आणि शक्य असेल तर बाजाही पाठवा. माईक ठीक, वायरच तुटलेली आहे, असंही निघतं. विशेषतः जुन्या माईकच्या पेचाच्या कनेक्टरजवळ. ॲम्पच्या बटणांचा फोटो काढून ठेवा. तपासणीचा आकार घेतो, कारण वाजवून बघायला वेळ लागतो. त्याच भेटीत काही घेतलंत किंवा दुरुस्त केलंत तर तो बिलातून वजा होतो.

जुना ॲम्प आणणार असाल तर दोन पिनांचा प्लग असला की आधी सांगा. धातूचा बाजा ओठांना आणि धातूचा माईक हातात, अशा वेळी अर्थिंग नसलेल्या ॲम्पचा झटका थेट तोंडाला बसतो. त्याला तीन पिना लावल्याशिवाय आम्ही तो तपासत नाही, कितीही घाई असली तरी. मागची फळी घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काहीशे व्होल्ट राहू शकतात. ते आधी रिकामे करायला आमच्या टेबलावर वेगळी वायर टांगलेली असते.