'देवाचे माये': दोन शब्दांमागचं भांडण

गोव्यात संध्याकाळी तेर्स म्हणताना 'नमान मरिये' या येशूच्या आईच्या, मरियेच्या प्रार्थनेच्या उत्तरार्धात 'देवाचे माये', म्हणजे 'देवाच्या आई', असे दोन शब्द येतात. जपमाळेचा एक फेरा पुरा होईपर्यंत ते पन्नासहून अधिक वेळा तोंडातून जातात. म्हणणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पण इसवी सनाच्या पाचव्या शतकात याच संबोधनावरून बिशप पदावरून उतरले, एकाने मार खाल्ला, आणि ख्रिस्ती जगाला पडलेली चीर आजही सांधलेली नाही. त्या भांडणाचं एक टोक पुढे खुद्द गोव्यापर्यंत आलं, तेही या कहाणीत यायचंच आहे.

मुळात प्रश्न काय होता? 325 साली निकेया इथे सम्राट कॉन्स्टंटाइनने बोलावलेल्या परिषदेत एक गोष्ट ठरली होती. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस शिकवत होता की पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, म्हणजे देवाहून एक पायरी खाली. परिषदेने ते नाकारलं आणि पुत्र पित्याशी 'एकतत्त्व' आहे असं म्हटलं. वाद मिटायला मात्र आणखी अर्धं शतक लागलं. त्या काळातल्या कॉन्स्टँटिनोपलबद्दल, म्हणजे रोमन साम्राज्याच्या राजधानीबद्दल, निस्साचा बिशप ग्रेगरी याने वैतागून लिहून ठेवलंय: सराफाकडे मोड मागा, तो 'जन्मलेला' आणि 'अजन्मा' यावर प्रवचन देतो, पावाचा भाव विचारा, उत्तर मिळतं की पिता मोठा आणि पुत्र धाकटा, स्नानाचं पाणी तापलं का विचारा, तर गडी म्हणतो पुत्र शून्यातून निर्माण झाला. आपल्याकडे नाक्यावर निवडणुकीच्या गप्पा चालतात, तसंच हे.

कॉन्स्टँटिनोपलमधल्या 381च्या परिषदेनंतर एरियसचा पक्ष साम्राज्यात मागे पडला. मग पुढचा, आणि माझ्या मते जास्त अवघड प्रश्न उभा राहिला. येशू पूर्ण देव असेल तर भूक कोणाला लागली? लाझारसच्या थडग्यापाशी रडलं कोण? क्रुसावर मेलं कोण?

मराठी वाचकाला इथे अवतार आठवणार. कृष्णाने लोणी खाल्लं तेव्हा त्याचं पोट खरंच भरलं का, असं कीर्तनात कोणी विचारत नाही. ती लीला आहे म्हटलं की भागतं. ख्रिस्ती परंपरेने मात्र हे दार फार लवकर बंद केलं होतं. येशूचा देह हा नुसता भास होता, असं म्हणणाऱ्यांना दुसऱ्या शतकातच नाकारलं गेलं. कारण त्यांच्या लेखी सगळा उद्धारच त्या देहावर उभा होता. नाझियान्झसच्या ग्रेगरीचं सूत्र होतं की जे त्याने स्वीकारलं नाही ते बरंही झालं नाही. लाओडिसियाचा बिशप अपोलिनारिस म्हणाला होता की येशूत मानवी बुद्धीच्या जागी दैवी 'शब्द', म्हणजेच पुत्र, होता. ते याच सूत्रावर फेटाळलं गेलं: बुद्धी मानवी नसेल तर माणसाच्या बुद्धीचा उद्धार कसा व्हायचा?

या कोड्याला दोन शहरांनी दोन बाजूंनी हात घातला. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला एकतेची काळजी होती. जो अनादि 'शब्द', तोच मरियेच्या पोटी आला, तोच क्रुसावर गेला; कर्ता एकच. सीरियातल्या अंत्युखियाला भीती होती ती मिसळीची. देव थकत नाही, मरत नाही. माणूस थकतो, मरतो. दोन्ही एकत्र घोटलं तर ना देव राहील ना माणूस.

त्यात भाषेचा घोळ. 'फ्युसिस' हा ग्रीक शब्द अंत्युखियात स्वभाव या अर्थी वापरत, तर अलेक्झांड्रियात तो बऱ्याचदा प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या एका सत्तेकडे झुकायचा. आपल्या 'प्रकृती' शब्दाचं बघा ना. सांख्यांची प्रकृती वेगळी, वैद्याची वात-पित्त-कफाची वेगळी, आणि 'प्रकृती बरी नाही' मधली आणखी वेगळी. तिघे एका खोलीत बसून प्रकृती एक की दोन यावर वाद घालू लागले तर जे होईल, तेच झालं.

428 साली अंत्युखियाचा नेस्टोरियस राजधानीचा बिशप झाला. उत्तम वक्ता, पण व्यवहारज्ञान बेताचं. पहिल्याच प्रवचनात त्याने सम्राटाला सांगितलं की पाखंड्यांपासून मुक्त अशी पृथ्वी मला द्या, मी तुम्हांला स्वर्ग देईन. थोड्याच दिवसांत त्याच्यासोबत आलेल्या अनास्टासियस नावाच्या धर्मगुरूने प्रवचनात सांगितलं की मरियेला कोणी 'थिओटोकोस', म्हणजे देवाला जन्म देणारी, म्हणू नये. ती माणूस होती, आणि माणसाच्या पोटी देव जन्मत नाही. लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द तो, सभा खवळली. नेस्टोरियसने आपल्या माणसाला आवरायचं सोडून त्याची बाजू घेतली. 'ख्रिस्तोटोकोस', ख्रिस्ताला जन्म देणारी, असं म्हणा, हा त्याचा मधला मार्ग होता. कोणाला तो मानवला नाही.

अलेक्झांड्रियाचा सिरिल जणू वाटच पाहत होता. बुद्धी तल्लख, लेखणी धारदार आणि राजकारणात मुरलेला. राजधानीच्या धर्मपीठाचं वाढतं वजन अलेक्झांड्रियाला आधीपासूनच खुपत होतं. सिरिलचा मामा थिओफिलस यानेही तिथल्या एका बिशपला, जॉन क्रिसोस्टमला, पदावरून घालवलं होतं. पण सिरिलला नुसता कारस्थानी म्हणून मोकळं होता येत नाही. त्याचा मुद्दा खरा होता: तान्हं बाळ वेगळं आणि देव वेगळा असं म्हटलं की एका ख्रिस्ताचे दोन होतात. गंमत अशी की 'देहधारी शब्दाची एकच प्रकृती' हे त्याचं आवडतं सूत्र तो अलेक्झांड्रियाचा आधीचा थोर बिशप अथानासियस याचं समजून वापरत होता. ते निघालं अपोलिनारिसचं, त्याच्या चेल्यांनी थोरामोठ्यांच्या नावावर खपवलेलं.

431 साली सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने इफिसस इथे परिषद बोलावली. हे गाव आजच्या तुर्कस्तानात सेल्चुकजवळ आहे. जून महिना, उकाडा, आजारपण. अंत्युखियाचा जॉन आणि त्याच्याबरोबरचे बिशप अजून वाटेत होते. त्यांच्यासाठी न थांबता 22 जूनला सिरिलने मरियेच्या नावाच्या चर्चमध्ये परिषद सुरू केली आणि एका दिवसात नेस्टोरियसला पदच्युत केलं. रात्री गावातल्या लोकांनी मशाली पेटवून आणि धूप जाळून बिशपांना मुक्कामी पोचवलं. चार दिवसांनी जॉन पोचला, झाला प्रकार ऐकला, आणि त्याने आपली वेगळी परिषद भरवून सिरिललाच काढून टाकलं. सम्राटाने आधी दोन्ही निकाल मान्य केले! मग पडद्याआड सिरिलची माणसं कामाला लागली. दरबारातल्या कोणाला काय पाठवायचं याची यादी आज उपलब्ध आहे. त्यात गालिचे आहेत, पडदे आहेत, हस्तिदंती आसनं आहेत आणि सोनं तर आहेच. या 'आशीर्वादां'पायी अलेक्झांड्रियाच्या चर्चला कर्ज काढावं लागलं. नेस्टोरियस मठात परतला, पुढे इजिप्तच्या वाळवंटात हद्दपार झाला.

433 मध्ये जॉन आणि सिरिलने तडजोडीचा मसुदा मान्य केला, त्यात 'थिओटोकोस' होतं आणि दोन प्रकृतीही होत्या. सिरिल 444 मध्ये वारला आणि ती तडजोड उसवायला लागली.

या वेळचं निमित्त युटिकीस नावाचा म्हातारा मठाधिपती. देव आणि माणूस यांच्या मीलनाआधी दोन प्रकृती, मीलनानंतर एकच, असं तो म्हणायचा. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप फ्लेव्हियन याने 448 साली त्याला दोषी ठरवलं. पण युटिकीसचा धर्मपुत्र क्रिसाफियस हा दरबारातला सर्वांत वजनदार माणूस होता. पुढच्याच वर्षी इफिससला दुसरी परिषद भरली, अध्यक्ष सिरिलचा वारस डायोस्कोरस. रोमच्या पोप लिओने पाठवलेलं विवेचन वाचूच दिलं नाही. चर्चची दारं उघडून सैनिक आणि मठवासी आत घेतले गेले. पुढे अनेक बिशपांनी सांगितलं की आमच्याकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या. फ्लेव्हियनला मारहाण झाली आणि थोड्याच दिवसांत तो मेला. लिओने या परिषदेला दरोडा म्हटलं आणि पश्चिमेत तिला तेच नाव चिकटलं.

हा दरोडा पचलाही असता. पण जुलै 450 मध्ये थिओडोसियस घोड्यावरून पडून मेला. त्याची बहीण पुल्केरिया हिने मार्सियन नावाच्या सेनाधिकाऱ्याशी लग्न करून त्याला गादीवर बसवलं, क्रिसाफियसचा निकाल लावला आणि वारं फिरलं. पुढे ठरलेल्या ज्या सूत्राला आजही कोट्यवधी लोक मान डोलावतात, त्याच्या मागे एक बिथरलेला घोडाही आहे.

ऑक्टोबर 451 मध्ये कॅल्सिडन इथे, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या कादिकॉय भागात, पाचशेच्या आसपास बिशप जमले. डायोस्कोरस पदावरून गेला. राहिला एका विभक्तीचा प्रश्न. ख्रिस्त दोन प्रकृती 'पासून' की दोन प्रकृतीं 'मध्ये'? 'पासून' डायोस्कोरसलाही चालत होतं, कारण त्यात मीलनानंतर एकच उरते असं म्हणायला जागा राहते. बहुसंख्य बिशपांना 'पासून'चा मसुदा पसंत होता. सम्राटाचे अधिकारी आणि रोमचे प्रतिनिधी अडून बसले, आणि अखेर 'मध्ये' आलं. एकच ख्रिस्त, दोन प्रकृतींमध्ये, आणि पुढे चार क्रियाविशेषणं: न मिसळता, न बदलता, न विभागता, न विलग होता. ग्रीकमध्ये हे चारही शब्द 'अ'ने सुरू होतात, आपल्या 'अमिश्र', 'अविभक्त'मधला जो नकाराचा 'अ', त्याच्याच सख्ख्या भावाने. जोड कशी झाली हे सूत्र सांगतच नाही, कशी झाली नाही एवढंच सांगतं. आपल्याकडच्या 'नेति नेति'ची सवय असलेल्या वाचकाला यात फारसं नवल वाटू नये.

याच परिषदेत इजिप्तचे तेरा बिशप गयावया करत होते: आम्ही यावर सही केली तर घरी लोक आम्हांला जिवंत ठेवणार नाहीत. ते अतिशयोक्ती करत नव्हते. 457 साली डायोस्कोरसच्या जागी नेमलेल्या प्रोटेरियसला अलेक्झांड्रियाच्या जमावाने ठार मारलं. कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन आणि पश्चिम सीरियन चर्चांनी कॅल्सिडन मानलं नाही ते आजतागायत. सम्राटांनी सांधायचे प्रयत्न पुष्कळ केले. सातव्या शतकात प्रकृती दोन पण इच्छा एकच, असा नवा तोडगा निघाला. त्याला विरोध करणाऱ्या वृद्ध मठवासी मॅक्सिमसची जीभ आणि उजवा हात 662 साली तोडला गेला. 680-81च्या परिषदेने तोही तोडगा रद्द केला. तोवर इजिप्त आणि सीरिया अरबांच्या हाती गेले होते.

इकडे नेस्टोरियसच्या गुरूंना मानणारी मंडळी सरहद्दीपलीकडे इराणात सरकली. 489 साली सम्राट झेनोने एडेसाचं त्यांचं विद्यापीठ बंद केलं, ते निसिबिसला पुन्हा उभं राहिलं. इराणच्या चर्चला 'नेस्टोरियन' म्हणतात, पण नेस्टोरियस त्यांचा संस्थापक नव्हे. त्यांची परंपरा त्याच्याआधीची आणि भाषा सिरियाक. हेच चर्च समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आलं. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस लिहितो की 'कल्लियाना' इथे इराणातून नेमलेला बिशप आहे. अनेक अभ्यासक ते आपलं कल्याण मानतात, काही जण मानत नाहीत. गोव्यात जुवारीकाठच्या आगशीजवळ 2001 साली पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतला लेख कोरलेला दगडी क्रूस सापडला, तोही याच वाटेची खूण. आणि केरळचे संत थॉमसचे ख्रिस्ती तर शतकानुशतकं याच चर्चकडून बिशप मागवत.

पोर्तुगीज आले तेव्हा त्यांच्या कानाला हे सगळं पाचव्या शतकातलं पाखंड वाटलं. 1599 च्या जूनमध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी कोचीजवळ उदयंपेरूर इथे धर्मसभा भरवली. नेस्टोरियसचा धिक्कार, मरियेला देवमाता म्हणण्याची सक्ती, सिरियाक पोथ्या दुरुस्त करायच्या नाहीतर जाळायच्या, असे ठराव झाले. हजार वर्षांपूर्वी वाळवंटात मेलेल्या माणसाला मिरीच्या मुलखात पुन्हा शिक्षा झाली. त्या जळलेल्या पोथ्यांत काय काय होतं हे आता कळायचा मार्ग नाही, आणि या सगळ्या इतिहासात मला सर्वांत जास्त चुटपुट त्याचीच लागते.

1653 साली मट्टंचेरीत हजारो लोकांनी क्रुसापुढे शपथ घेऊन जेझुइट पाद्र्यांचा अधिकार झुगारला. त्यांच्यातल्या एका गटाला बिशपाची गरज होती. 1665 मध्ये मार ग्रेगोरिओस आले ते पश्चिम सीरियन परंपरेचे, म्हणजे सिरिलला डोक्यावर घेणाऱ्या आणि नेस्टोरियसला शाप देणाऱ्या बाजूचे. म्हणजे कालपर्यंत जे 'नेस्टोरियन' म्हणून बदनाम होते, त्यांच्यातलाच एक गट हळूहळू वादाच्या थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसला! थ्रिसूरमध्ये पूर्व सीरियन चर्चची, म्हणजे इराणच्या त्याच जुन्या चर्चची, छोटी शाखा आजही आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेस्टोरियसने हद्दपारीत लिहिलेल्या ग्रंथाचं सिरियाक भाषांतर हाती आलं. त्यात तो लिओचं म्हणणं वाचून समाधान व्यक्त करतो: हा तर माझंच सांगतोय. मला पुन्हा पदावर बसवा असंही तो मागत नाही. तो खरंच पाखंडी होता का, यावर तेव्हापासून अभ्यासकांत वाद सुरू आहे.

11 नोव्हेंबर 1994 रोजी रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्व सीरियन चर्चचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका संयुक्त निवेदनावर सही केली. पूर्व सीरियन चर्च मरियेला 'आमचा देव आणि तारणारा ख्रिस्त याची माता' म्हणतं, कॅथलिक चर्च 'देवाची माता' आणि 'ख्रिस्ताची माता' असं दोन्ही म्हणतं, आणि दोन्ही संबोधनं एकाच श्रद्धेची आहेत, असं त्यात लिहिलंय. नेस्टोरियसने 'ख्रिस्तोटोकोस' सुचवलं, त्याला तेव्हा साडेपंधराशेहून अधिक वर्षं झाली होती.