गच्च भरलेली कवटी

मध्यंतरी निपाणीच्या अलीकडे महामार्गावर एक दुचाकीस्वार पडला. हेल्मेट नव्हतं. गर्दीतल्या एकानं त्याच्या नाकाशी चप्पल धरली, दुसरा तोंडात पाणी ओतायला निघाला. मी बाटली हिसकावली तर लोक माझ्यावरच खवळले. बेशुद्ध माणसाला नीट गिळता येत नाही, ते पाणी पोटात न जाता फुप्फुसात उतरू शकतं. चपलेनं तर काहीच होत नाही, नुसता वेळ जातो.

आणि डोक्याच्या मारात वेळच महत्त्वाचा. का, ते बेळगाव-खानापूर बसवरून सांगतो. कवटीत साधारण ८० टक्के मेंदू, १० टक्के रक्त आणि १० टक्के मेंदूभोवतीचं पाणी असतं. हाड काही ताणत नाही, म्हणून एक वाढलं की दुसऱ्याला जागा सोडावी लागते. अलेक्झांडर मन्रो (१७८३) आणि जॉर्ज केली (१८२४) या स्कॉटिश डॉक्टरांनी हे मांडलं. मार लागून रक्त साकळलं किंवा सूज आली की आधी पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, शिरांतलं रक्त बाहेर ढकललं जातं. कंडक्टर 'सरका, सरका' म्हणतो आणि आणखी दहाजण मावतात, तसंच. तोवर दाब फारसा वाढत नाही, रुग्ण बोलतही असतो. मग सरकायची जागा संपते. त्यानंतर चमचाभर रक्त वाढलं तरी दाब एकदम उसळतो.

आता थोडं गणित. मेंदूला रक्त ढकलणारा जोर म्हणजे सरासरी रक्तदाबातून कवटीतला दाब वजा. ९० मधून १० गेले, ८० उरले, छान. कवटीतला दाब ४० झाला तर उरले ५०, मेंदू उपाशी. उपाशी पेशी आणखी सुजतात, दाब आणखी वाढतो. अतिदक्षता विभागातली सारी धडपड हे चक्र तोडायची.

मेंदूतल्या गाठीभोवतीची सूज स्टेरॉइडनं उतरते, मग माराची का उतरू नये? असा विचार करून कित्येक वर्षं ही औषधं दिली गेली. शेवटी 'क्रॅश' चाचणीत ४९ देशांतले १०,००८ रुग्ण तपासले. २००४ मध्ये निकाल आला : दोन आठवड्यांत स्टेरॉइड घेतलेले २१.१ टक्के दगावले, न घेतलेले १७.९ टक्के. शंभरात तिघांचा हा फरक एकट्या इस्पितळातल्या हुशारातल्या हुशार डॉक्टरलाही जन्मभरात दिसला नसता.

२०१२ ची चाचणी मला जास्त आवडते. कवटीत दाबमापक बसवल्यानं रुग्ण खरंच वाचतात का? श्रीमंत देशांत हे विचारणंच अवघड, तिथं मापक न बसवणं पाप. म्हणून अमेरिकी डॉक्टरांनी बोलिव्हिया आणि इक्वेडोरच्या डॉक्टरांना सोबत घेतलं, कारण ते मापकाविना, सीटी स्कॅन आणि तपासणीवर रोज उपचार करत होते. ३२४ रुग्णांत दोन्ही पद्धतींत ठळक फरक आढळला नाही. मापकावाचून कसं भागवायचं याची जाण त्यांच्याकडे होती, म्हणून तर प्रश्न तडीला गेला.

आपल्याकडची जाण वेगळीच. रुग्ण किती शुद्धीत आहे हे मोजायला ग्लासगोची १९७४ ची मोजपट्टी जगभर वापरतात. डोळे, बोलणं, हालचाल मिळून ३ ते १५ गुण. त्यात बोलण्याचे ५. सिस्टरनं कन्नडमध्ये 'निम्म हेसरेनु?' (तुमचं नाव काय?) विचारलं आणि खानापूरच्या जंगलपट्टीतला म्हातारा त्याच्या मराठीत पुटपुटला, तर गुण किती? शुद्धीतलं उत्तर म्हणून ५, की निरर्थक आवाज म्हणून २? बेळगावात बहुतेक सिस्टरांना दोन्ही भाषा येतात म्हणून निभावतं. पण पुण्याहून बेंगळुरूला निघालेला राजस्थानी ट्रकवाला आला तर?

आमच्या सिस्टर संशोधनात नवख्या नाहीत. बाळंतपणातला रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळीनं कमी होतो, हे दाखवणारी २००६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी याच जिल्ह्यातल्या खेड्यांत, सहायक परिचारिकांच्या हातून झाली. डोक्याच्या माराच्या पुढच्या मोठ्या चाचणीचा फॉर्म बनवताना त्यांच्यापैकी कुणाला तरी बसवा. पहिल्याच पानावर त्या रकाना मागतील : प्रश्न कोणत्या भाषेत विचारला?