ताडपत्रीखालची फियाट

गिरगावात काकांच्या चाळीमागच्या मोकळ्या जागेत त्यांची प्रीमियर पद्मिनी आठ वर्षं उभी होती. निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली, चारी बाजूंनी सुतळीने आवळून बांधलेली. दर मे महिन्यात काका नवी ताडपत्री आणायचे. पहिली पाच-सहा वर्षं तर दर रविवारी आंघोळ झाली की खाली उतरून पाच मिनिटं इंजिनही चालू ठेवायचे. गाडी टाकून दिली आहे असं त्यांना कधीच वाटलं नाही. उलट घरातल्या माणसाची करावी तशी तिची काळजी घेतोय, याच भावनेने ते सगळं करत होते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही ताडपत्री सोडली तेव्हा वरचा पांढरा रंग अजून बऱ्यापैकी चमकत होता. काकांचा चेहरा खुलला. मिस्त्रीने मात्र रंगाकडे पाहिलंही नाही. त्याने ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग उचललं, स्क्रूड्रायव्हरचं टोक पत्र्यावर टेकवलं आणि जरासा दाब दिला. ते थेट आरपार गेलं. भोकातून खालची फरशी दिसत होती. "काका, पत्रा वरून नाही गेला, खालून गेलाय," तो म्हणाला.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. याच पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या याच खाऱ्या हवेत, याच पावसात वीस-वीस वर्षं रात्रंदिवस धावल्या. मग झाकून, जपून ठेवलेली गाडी आठ वर्षांत कशी सडली?

या गाडीशी मुंबईचं नातं जुनं आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज आणि प्लायमाउथ बाहेर पडल्या आणि पन्नासच्या दशकात फियाट ११०० आली. तिच्या गोलमटोल पहिल्या रूपाला आपण 'डुक्कर फियाट' म्हणायचो. पुढे याच गाडीची डिलाइट आली, मग तिचंच नाव १९७२ मध्ये प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. ज्या खासगी गाड्या उरल्या, त्यांतल्या कितीतरी आज कुठल्या तरी कंपाउंडमध्ये काकांच्या गाडीसारख्याच उभ्या आहेत.

आता गंजाकडे येऊ. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो, एवढं शाळेत शिकलेलं असतं. पण गंज नेमका कुठे चढतो, हे समजायला केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांचा १९२०च्या दशकातला एक साधा प्रयोग पाहावा लागतो. घासून लख्ख केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्या पाण्यात दोन रसायनं आधीच मिसळलेली असतात. पोटॅशियम फेरीसायनाइडमुळे लोखंड जिथे विरघळतं तिथे निळा रंग दिसतो. फिनॉल्फ्थलीनमुळे जिथे अल्कली तयार होते तिथे गुलाबी दिसतो. सुरुवातीला थेंबाखाली दोन्ही रंगांचे ठिपके इथे-तिथे विखुरलेले असतात. थोडा वेळ गेला की ते आपोआप वेगळे होतात. थेंबाच्या मधोमध निळं, कडेने गुलाबी आणि दोघांच्या सीमेवर गंजाचं तांबूस कडं.

याचं कारण हवेत आहे. थेंबाची कड पातळ असते, तिथे प्राणवायू सहज पोचतो. मध्यभागी तो लवकर संपतो आणि नवा हळूहळू झिरपतो. जिथे प्राणवायू भरपूर, तिथे तो इलेक्ट्रॉन मागतो. ते इलेक्ट्रॉन पुरवायला मध्यभागातलं लोखंड विरघळू लागतं. एका थेंबाखाली एक चिमुकली बॅटरीच तयार होते आणि तिच्यात खर्ची पडतो तो मधला पत्रा. म्हणजे ओल्या जागेत जिथे हवा कमी पोचते, तिथेच धातू जास्त खाल्ला जातो. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलं नव्हतं. आपली समजूत अशी असते की हवा लागू दिली नाही की लोखंड वाचतं.

आता गाडीकडे पुन्हा बघा. मॅटिंगखालचा फ्लोअर, मडगार्डच्या आत साचलेला चिखल, दाराच्या तळाशी दुमडलेली पत्र्याची घडी, जुन्या टिंकरिंगवर (ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावर) भरलेल्या लांबीची, म्हणजे पुट्टीची, सुटलेली कड. या सगळ्या जागा म्हणजे त्या थेंबाचा मध्यभाग. ओल आत शिरते, हवा मात्र पुरेशी शिरत नाही. शिवाय गंज सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा घेतो. त्यामुळे तो पत्र्याच्या घड्या आतून उचकटतो, रंगाला फुगे आणतो आणि पुढच्या ओलीला वाट करून देतो. बाहेर दाण्याएवढा फुगा दिसतो तेव्हा आत रुपयाएवढा पत्रा गेलेला असतो, हे कुठलाही टिंकर सांगेल. या गाडीत खाली भार पेलणारी वेगळी चौकट, म्हणजे चासी, नाही, सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावरच आहे. म्हणून फ्लोअर आणि दाराखालची पट्टी सडणं म्हणजे गाडीचं हाडच ठिसूळ होणं.

मुंबईत यात मिठाची भर पडते. पावसाळ्यात आपण मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे टाकतो, कारण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेऊन ओलं होतं. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर हेच मीठ पत्र्यावर बसतं. त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्के आर्द्रतेलाही ओलं होतं. म्हणजे जानेवारीच्या कोरड्या दुपारीसुद्धा किनाऱ्यालगतच्या गाडीवरचा तो थर पूर्ण वाळत नाही. रोज धावणारी टॅक्सी निदान धुतली जाते, वाऱ्याने वाळते. तिचाही पत्रा सडायचाच, पण पासिंगला न्यायच्या आधी सडका तुकडा कापून नवा वेल्ड केला जायचा. उभ्या गाडीकडे कोणी वाकूनही बघत नाही.

आणि ताडपत्री? ती वरचा पाऊस अडवते, पण जमिनीतून उठणारी वाफ आतच कोंडते. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर पत्रा फक्त चार अंशांनी थंड झाला की त्यावर दव धरतं. पावसाळ्यातल्या जवळजवळ प्रत्येक रात्री हे घडू शकतं. सकाळी ते दव उडून जायला वाट नसते. काकांनी सुतळी जितकी घट्ट बांधली, तितकी गाडी आत जास्त ओली राहिली. हे त्यांना सांगताना मला फार जड गेलं.

हीच चूक एका अख्ख्या शहरानेही केली आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून टल्सा शहराने जून १९५७ मध्ये एक कोरी करकरीत प्लायमाउथ बेल्व्हेडिअर न्यायालयाच्या हिरवळीखाली काँक्रीटच्या तळघरात पुरली. पन्नास वर्षांनी ती बाहेर काढून चालवायची, असा बेत होता. २००७ साली पेट्रोल मिळेल न मिळेल, म्हणून दहा गॅलन पेट्रोल आणि तेलाचे डबेही सोबत ठेवले होते. तळघर इतकं भक्कम की अणुहल्ल्यातही टिकेल, असं तेव्हा सांगितलं गेलं. जून २००७ मध्ये झाकण उघडलं तेव्हा आत पाणी साचलेलं होतं. आवरणात गुंडाळलेली ती सोनेरी-पांढरी गाडी तांबड्या गाळाने माखली होती, पत्रा जागोजागी कागदासारखा झाला होता. कुर्ल्यात जिच्या बहिणी जोडल्या गेल्या त्या प्लायमाउथची ती अवस्था! गाडीबरोबर पुरलेली कागदपत्रांची पोलादी पेटी मात्र नीट बंद केलेली होती आणि तिच्या आतलं सगळं सुखरूप निघालं. काँक्रीटला भेगा पडतात, त्यातून पाणी आत येतं. आत आलेलं पाणी बाहेर जायला मात्र कुणी वाट ठेवलेली नव्हती.

याच्या उलट फ्रान्समधलं उदाहरण. तिथल्या एका वाहतूक व्यावसायिकाने जमवलेल्या साठ जुन्या गाड्या २०१४ मध्ये उजेडात आल्या. बऱ्याचशा कच्च्या पत्र्याच्या छपराखाली, जवळपास उघड्यावर होत्या आणि त्या अगदी कुजल्या होत्या. एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर मात्र गॅरेजमध्ये होती, तिच्या अंगावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ती तशीच, धुळीसकट, १.६३ कोटी युरोंना गेली. मालक तोच, गावही तेच. फरक काय तो डोक्यावरच्या पक्क्या छपराचा आणि कोरड्या जमिनीचा.

काकांच्या रविवारच्या पाच मिनिटांबद्दल सांगायलाच हवं, कारण हा समज घरोघरी आहे. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. जळताना हायड्रोजनचं पाणी होतं, आणि हिशेब केला तर एक लिटर पेट्रोल जळून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापले की ते वाफ होऊन निघून जातं. पाच मिनिटांत सायलेन्सर तापत नाही. पाणी आतच साचतं, थोडं पिस्टनच्या बाजूने तेलात उतरतं आणि तिथल्या आम्लांबरोबर बेअरिंगवर बसतं. बॅटरीने स्टार्टरला जेवढं दिलं तेवढंही परत भरून निघत नाही. काकांचा सायलेन्सर आतून चाळणी झाला होता. गाडी चालू करायचीच असेल, तर रस्त्यावर नेऊन अर्धा तास तरी चालवावी. ते जमणार नसेल, तर हात न लावलेला बरा.

टायरची गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते. हवेतला ओझोन रबरातले रासायनिक दुहेरी बंध तोडतो आणि ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. हे टाळायला कारखान्यातच रबरात थोडं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरताना दबतो, वाकतो, आणि त्या मळण्याने मेण हळूहळू पृष्ठभागावर येत राहतं. उभ्या गाडीचा टायर वाकतच नाही. मेण आत राहतं आणि बाहेरचा थर उघडा पडतो. काकांच्या टायरच्या खोबणीत जवळपास नव्यासारखी खोली होती, पण बाजूंवर वाळलेल्या तळ्यासारख्या भेगा पडल्या होत्या.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्याने ब्रेकचे सिलिंडर आतून गंजतात आणि चाकं धरून बसतात. पेट्रोलमधला हलका भाग उडून गेला की उरतो तो डिंकासारखा चिकट थर, आणि कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक तर सुईएवढंच असतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढतं, आणि पद्मिनीच्या काळातले रबरी पाइप त्यासाठी बनलेलेच नव्हते. म्हणून गाडी बराच काळ उभी करायची असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून, ब्रेक ऑइल बदलून, बॅटरी काढून ठेवणं बरं. वर ताडपत्रीऐवजी हवा खेळेल असं सुती कापडाचं कव्हर, आणि तेही छपराखाली. छप्पर नसेल तर चार बांबू आणि वर पत्रा एवढंही पुरतं, बाजू उघड्या असल्या तरी चालतील. मॅटिंग मात्र काढून घरात ठेवा.

केंद्र सरकारने २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हीए या नंबर-मालिकेची वेगळी व्हिंटेज नोंदणी सुरू केली आहे. चांगलं पाऊल आहे ते. पण पन्नाशी गाठेपर्यंत या गाड्या टिकायला तर हव्यात. काकांची गाडी १९८६ची. तिला अजून दहा वर्षं काढायची आहेत.

फ्लोअरला नवा पत्रा लागणार हे त्याच दिवशी ठरलं. इंजिन मात्र जाम होतं. पिस्टनच्या रिंगा ओतीव लोखंडाच्या सिलिंडरला गंजाने चिकटल्या होत्या. काका नवी बॅटरी घेऊन तयार होते, पण मिस्त्रीने त्यांना थांबवलं. जोर लावला तर रिंगा तुटतील आणि सिलिंडरवर ओरखडे येतील. त्याने चारही प्लग काढले, प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण ओतलं, भोकांवर फडकी कोंबली आणि निघून गेला. दर दोन दिवसांनी येऊन थोडं थोडं मिश्रण घालत राहिला.

अकराव्या दिवशी त्याने पुलीच्या नटला पाना लावला आणि हलकेच एकदा इकडे, एकदा तिकडे दाबून पाहिलं. काका पंख्याच्या पात्यावर नजर लावून उकिडवे बसले होते. पातं बोटभर सरकलं.